काळा डोंगर आणि माझा भिंतीवरचा फोटो

माझ्या आईचा भिंतीवरचा फोटो एका मुंजीतला आहे. मुंज कुणाची होती ते आता कुणालाच आठवत नाही. आई गेली तेव्हा घरभर शोधाशोध केली, पण तिचा एकटीचा असा एकही फोटो निघाला नाही. शेवटी नागपूरच्या त्या मुंजीच्या ग्रुप फोटोतून तिला कापून मोठं केलं. तिच्या कानामागून एक अनोळखी हात आलेला आहे आणि त्या हातात नारळ आहे. आई त्या नारळाकडे तिरक्या नजरेनं बघते आहे. हार घातला की तो नारळालाही पुरतो.

सासूबाईंचं तर त्याहून वाईट. त्यांचा फोटो मतदार ओळखपत्रावरून मोठा केलेला आहे. आयुष्यात त्या कुणाला वावगा शब्द बोलल्या नाहीत, पण फोटोत त्या नुकत्याच पकडून आणल्यासारख्या दिसतात. आमच्याकडे कामाला नवीन बाई आली की त्यांच्याकडे बघून आधी दबकते, आणि मग मला दोन दिवस तिला समजावावं लागतं.

हे दोन्ही फोटो आमच्या आतल्या खोलीत देवघराच्या वरच्या भिंतीवर आहेत. रोज सकाळी दिवा लावताना त्यांच्याकडे बघून बघून मी एक गोष्ट पक्की ठरवली होती, की माझ्या भिंतीचं मी स्वतःच बघून ठेवणार. मागच्यांवर विसंबायचं नाही. घराला रंग दिला तेव्हा सासूबाईंच्या शेजारी एक खिळा जास्तीचा ठोकून घेतला. रंगारी म्हणाला, "यहाँ क्या टँगेगा, आंटी?" मी म्हटलं, "टँगेगा कुछ."

आता कुणीही म्हणेल, घरात फोटोग्राफर असताना ही काळजी कशाला? तीच तर गंमत आहे. माझा नवरा, ज्याला मी पुढे 'हे' म्हणणार आहे कारण साठी उलटली तरी दुसरं काही माझ्या तोंडात बसत नाही, गेली कित्येक वर्षं फोटो काढतो आहे. भोपाळच्या कारखान्यात इंजिनियर होते तेव्हा रविवारी काढायचे, निवृत्त झाल्यापासून रोज. मोठा तलाव, केरवा, कलियासोत, जिथे म्हणून पाणी आहे आणि पाण्यापाशी काही फडफडतं आहे, तिथे आम्ही जाऊन आलेलो आहोत. पण यांचा एक नियम आहे. फोटोत माणूस नको. माणूस आला की चित्र बिघडतं, असं यांचं म्हणणं. मुलीच्या लग्नातसुद्धा यांनी मंडपाच्या बांबूवर बसलेल्या वटवट्या पक्ष्याचा फार सुरेख फोटो काढला होता. मागे कुठेतरी अस्पष्ट अशी मुलगी आहे.

आमच्या बाहेरच्या खोलीची भिंत पक्ष्यांनी भरलेली आहे. प्रत्येक फोटोखाली हे छापील चिठ्ठी लावतात. आधी पक्ष्याचं नाव, मग जागा, मग तो काय करत होता ते, आणि शेवटी तो कायमचा इथला की पाहुणा. म्हणजे 'खंड्या. केरवा. मासा गिळताना. निवासी, वर्षभर.' किंवा 'चक्रवाक. मोठा तलाव. पोहताना. हिवाळी पाहुणा.' आमच्याकडे आलेल्या माणसाला चहा मिळायच्या आत हे सगळं वाचून काढावं लागतं. कोण निवासी आणि कोण पाहुणा यावर हे फार काटेकोर असतात. एकदा माझ्या भावानं एका बदकाला "हे तर नेहमीच दिसतं" म्हटलं, तर त्याला हिवाळा, उन्हाळा आणि सैबेरिया असं सगळं ऐकावं लागलं.

या सगळ्यात माझं काम फोकसचं. पक्षी ज्या फांदीवर किंवा ज्या दगडावर येऊन बसणार, तिथे आधी मी जाऊन उभी राहते. हे लांबून फोकस लावतात, दोन-चार फोटो काढून बघतात, हात हलवतात, आणि मी बाजूला होते. मग पक्षी येतो. हल्लीचे कॅमेरे आपलं आपण सगळं करतात म्हणे, पण यांचा कुठल्याच यंत्रावर पूर्ण विश्वास नाही. जन्मभर यंत्रंच तपासली, त्याचा हा परिणाम. तर अशी मी आजवर खंड्या झालेली आहे, बगळा झालेली आहे, एकदा वनविभागाच्या परवानगीनं अस्वलसुद्धा झालेली आहे. तलावात मात्र मला कधी उतरवलं नाही, हे मान्य करायला हवं. घरी आल्यावर हे जेवणाच्या टेबलाशी कॅमेरा घेऊन बसतात आणि "ही तू, ही तू, ही पण तूच" असं म्हणत एकेक फोटो पुसून टाकतात. म्हणजे माझे फोटो नाहीत असं नाही. पुष्कळ निघालेले आहेत. संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत, एवढंच.

गेल्या दिवाळीच्या आसपास माझ्या गळ्यावर गाठ दिसायला लागली. आधी मी तिला चरबी समजले. मग मंगळसूत्र एका बाजूला सरकायला लागलं तेव्हा डॉक्टरकडे गेले. थायरॉइडची गाठ निघाली. सुई टोचून तपासणी केली, तिचा निकाल 'नक्की सांगता येत नाही' असा आला. डॉक्टर भले माणूस होते. म्हणाले, काढून टाकू आणि मग पूर्ण तपासू, बहुतेक काही नसतं. आवाजाची नस तिथूनच जाते, पण तिलाही बहुतेक काही होत नाही.

मी आयुष्यभर सरकारी संचालनालयाच्या हिशेब शाखेत काम केलं. आमच्याकडे टिपणीत 'बहुतेक' शब्द आला की फाईल परत जायची. पण डॉक्टरची फाईल परत पाठवता येत नाही. मी मान हलवली आणि घरी आले.

आवाजाचं मला जास्त लागलं, हे सांगितलं पाहिजे. मी गाणं शिकलेली नाही. पण मराठी मंडळाच्या गणपतीत आरती मी सुरू करते, कारण माझी पट्टी वरची आहे आणि माइक बंद पडला तरी मागच्या रांगेपर्यंत जाते. माइक दर वर्षी बंद पडतोच. नागपुराहून लग्न होऊन या शहरात आले तेव्हा मला इथलं कुणी ओळखत नव्हतं. पहिल्या गणपतीत आरती म्हटली आणि दुसऱ्या दिवशी जवाहर चौकात भाजी घेताना एका बाईंनी मागून हाक मारली, "अगं, तू ती आरतीवाली ना?" तेव्हापासून मी या गावची झाले. तर आवाज म्हणजे माझ्यासाठी असं सगळं होतं.

त्या दिवशी रात्रीच्या जेवणाआधी मी यांना म्हटलं, "ऑपरेशनच्या आधी माझा एक चांगला फोटो काढा."

हे लेन्स पुसत होते. "कशाला?"

"भिंतीसाठी."

लेन्सवरचा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला. "काय बोलून राहिलीस फालतूचं!"

"फालतूचं काय त्यात? खिळा तयार आहे."

"माणसांचं मला जमत नाही. माणसं हलतात."

"आणि चिमण्या हलत नाहीत?"

"चिमण्या पोज देत नाहीत," हे म्हणाले, आणि आधीच स्वच्छ असलेली लेन्स घेऊन आतल्या खोलीत गेले. तिथेच तर तो खिळा होता. लगेच बाहेर आले.

मी दोन-तीनदा आठवण केली. एकदा उजेड चांगला नव्हता. एकदा बॅटरी चार्ज नव्हती. एकदा म्हणाले, तू आधी बरी हो, मग निवांत काढू. यावर मी म्हटलं की बरी झाल्यावर मला भिंतीची घाई नाही. मला राग आला. ज्या माणसानं रातवा नावाच्या एका पक्ष्यासाठी चार संध्याकाळी झुडपात घालवल्या, त्याला बायकोसाठी पाच मिनिटं उजेड मिळत नव्हता.

तेव्हा मी एकटीच जवाहर चौकातल्या एका स्टुडिओत गेले. तिथल्या माणसानं मला स्टुलावर बसवलं, हनुवटी धरून फिरवली आणि म्हणाला, "आंटीजी, थोड़ा मुस्कुराइए, पासपोर्ट थोड़े ही है." दोन दिवसांनी फोटो आणायला गेले. त्यानं मला गोरी केली होती. कपाळावरच्या आठ्या पुसल्या होत्या. नाकाशेजारचा तीळ गेला होता. मागे बर्फाचे डोंगर आले होते. आणि गळ्यावरची गाठ नाहीशी झालेली होती. मी त्याला विचारलं, गाठ कुठे गेली? तो खूश होऊन म्हणाला, "हटा दी, आंटी. उसका अलग से कुछ नहीं लिया." डॉक्टरला ज्याच्यासाठी भूल, टाके आणि आठवडाभराची वाट लागणार होती, ते याने एका दुपारीत केलं होतं. फोटोतली बाई माझ्या धाकट्या जावेसारखी दिसत होती. त्या जावेला हार घालायची वेळ आली तर वापरू, म्हणून फोटो कपाटात ठेवून दिला.

कच्छची सहल आधीपासूनच ठरलेली होती. कच्छच्या रणाच्या कडेला काळा डोंगर म्हणून एक डोंगर आहे. वर दत्ताचं देऊळ आहे, आणि संध्याकाळच्या आरतीनंतर पुजारी देवळाबाहेरच्या दगडी ओट्यावर गोड भाताचा प्रसाद ठेवून हाका मारतो, की डोंगरातले कोल्हे येऊन तो खातात. असं पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आहे. दत्तानं म्हणे भुकेल्या कोल्ह्यांना स्वतःचंच अंग खायला दिलं होतं. यांना दत्ताशी काही कर्तव्य नव्हतं. उघड्या डोंगरावर, मागे पांढरं रण, कडेचा उजेड आणि अंगावर येणारा कोल्हा, असा फोटो यांच्या डोक्यात बरीच वर्षं होता. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, जाऊन या, पण परत आल्यावर लगेच भरती व्हा.

मुलीचा पुण्याहून फोन आला. "आई, तू पण ना, इस हालत में रण बघायला चाललीस?"

"हालत चांगली आहे. गाठ आहे, पाय नाही मोडलेला."

"आणि बाबा?"

"बाबा कोल्हा बघायला चाललेत."

"यार, तुम्ही दोघं अशक्य आहात," ती म्हणाली. ती भोपाळात वाढलेली आहे, तिला 'यार' म्हटल्याशिवाय काळजी करता येत नाही.

मी बॅगेत मोरपंखी नारायणपेठ भरली. यांनी बघितली, पण विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात डोंगरावर जाताना मी रेशमी साडी कधी घेतली नव्हती, तेव्हा यांना कळलं होतंच.

भोपाळहून अहमदाबाद, तिथून भुज, भुजहून टॅक्सी. डोंगराखालच्या गावात मातीच्या गोल झोपडीत राहायची सोय होती. दुसऱ्या दिवशी दुपारी वर गेलो.

काळा डोंगर काही तव्यासारखा काळा नाही. मळकट आहे. मोठमोठे करडे दगड, मधेमधे काटेरी बाभळी, आणि सगळं वाऱ्यानं एका बाजूला झुकलेलं. झाड म्हणावं असं झाड नाही. पर्यटकांची गर्दी होती, गोंडे लावलेले उंट होते, चहाच्या टपऱ्या होत्या. पण गर्दी ओलांडून कठड्याशी गेलं की खाली एकदम काहीच नाही. पांढरं मीठ, ते लांब लांब जात निळसर होतं आणि मग आकाश कुठे सुरू झालं ते सापडत नाही. तिकडे कुठेतरी देशही संपतो. मी कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिले. सगळे जण "वा, काय सुंदर" म्हणत होते. मला भीती वाटली. इतकी रिकामी जागा मी कधी बघितली नव्हती, आणि त्या क्षणी मला ऑपरेशनच्या टेबलाची आठवण झाली.

यांचं काम सुरू झालं होतं. उतारावर एक रणगोजा, चिमणीएवढा वाळवंटी पक्षी, दगडावरून दगडावर उड्या मारत होता. मी रणगोजा झाले. मग हे कठड्यापाशी गेले आणि डोंगराचे फोटो काढू लागले, त्यासाठी मला उंटांच्या बाजूला जाऊन उभं राहावं लागलं, म्हणजे उंटवाल्यांना माझ्याशी बोलण्यात गुंतवून चौकटीबाहेर ठेवता येईल. मी त्यांच्याशी गुडघेदुखीबद्दल बोलले. उंटालाही होते म्हणे.

वारा असा होता की साडीवर यांचा कारखान्याचा जुना स्वेटर, त्यावर शाल आणि डोक्याला माकडटोपी चढवावी लागली. नारायणपेठीचा फक्त खालचा काठ दिसत होता. उन्हं उतरायला लागली, दगडांना खालून पिवळा रंग चढला. मला इतक्या वर्षांत एवढं कळतं की ज्या उजेडासाठी हे जीव टाकतात तो हाच.

मी म्हटलं, "आता काढा माझा. टोपी काढते."

हे घड्याळ न बघता आकाशाकडे बघून म्हणाले, "आधी कोल्हे. कोल्हे झाले की तुझा. तेवढा लाईट राहील."

"नक्की?"

"बहुतेक."

पुन्हा बहुतेक. पण मी ऐकलं, कारण 'कोल्हे झाले की तुझा' असं हे म्हणाले होते, आणि आजवर तेवढंही म्हणाले नव्हते. देवळाबाहेरच्या ओट्यापाशी कोल्हे यायचे तिथे मी जाऊन उभी राहिले. हे लांब, तिवईवर कॅमेरा लावून. "डावीकडे. अजून जरा. हं, आता कोल्हा इथेच." मी कोल्ह्याच्या जागी उभी होते. एवढ्यात देवळात घंटा झाली. आरती सुरू झाली. आता हलायचं कसं, म्हणून मी तिथेच देवळाकडे तोंड करून हात जोडले.

आरती छोटीशी होती. गुजरातीत, दोन-तीन मिनिटांत आटोपली. पुजारी प्रसादाचं ताट उचलायला वळला.

आता आम्हा मराठी माणसांची एक खोड आहे. आम्हाला एका आरतीनं आरती झाली असं वाटतच नाही. गणपतीची झाली की शंकराची, मग देवीची, मग विठ्ठलाची, मग ज्याचं देऊळ त्याची, आणि शेवटी मंत्रपुष्पांजली होईपर्यंत हातातली फुलं खाली ठेवायची नाहीत. एवढं म्हटल्याशिवाय देवाला कळणार नाही अशी आमची समजूत आहे. त्यातून समोर दत्त, आणि वारही गुरुवार. देवळात एक शांतता झाली, टाळ्या थांबल्या, आणि माझ्या तोंडून पहिली आरती सुरू झाली.

मी ठरवून केलं नाही. पण सुरू झाल्यावर थांबलेही नाही. मला माहीत होतं की उजेड जातो आहे. कोल्ह्यांचा उजेड जातो आहे आणि माझाही जातो आहे. पण डॉक्टरचं ते 'बहुतेक' माझ्या डोक्यात होतं. हा आवाज पुढच्या महिन्यात असेल की नाही ते कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि ज्याला सांगता येत असेल तो समोर बसला होता. तर त्याला एकदा पूर्ण ऐकवावा, असं वाटलं. मी वरच्या पट्टीत लावला. बाजूला सांगलीकडच्या सहलीची एक अख्खी बस होती. त्यांनी टाळ्या धरल्या. दुसरी आरती त्यांनीच उचलली. तिसरी मी. पुजारी ताट हातात धरून उभा राहिला, कारण चालू आरतीत कोण कुणाला थांबवणार? ओट्याच्या पलीकडे उताराच्या कडेला दोन टोकदार कान वर आले आणि तेही थांबले. सांगलीकरांनी मंत्रपुष्पांजली दोनदा म्हटली. तोवर मी डोळे मिटले होते. मला रडू येत होतं, पण गाताना रडता येत नाही, स्वर हलतो.

डोळे उघडले तेव्हा दगडांवरचा पिवळा रंग गेलेला होता. पुजाऱ्यानं ताट ठेवलं, हाक मारली, कोल्हे आले. भात भराभर खाल्ला आणि गेले. त्यांना उशीर झाला होता. मी बाजूला उभी राहून बघत होते. खाली रण राखेसारखं दिसत होतं. सांगलीची एक बाई माझा हात धरून म्हणाली, "काय आवाज आहे हो तुमचा!" मी म्हटलं, "आहे खरा."

हे तिवई मिटत होते. मी जवळ गेले. इतकी वर्षं ज्या फोटोसाठी हे जीव टाकत होते, तो मी पाच आरत्यांत घालवला होता. आम्ही टॅक्सीत जाऊन बसलो.

मग मीच म्हटलं, "माझ्यामुळे तुमचे कोल्हे गेले."

"कोल्हे रोज येतात."

"आपण रोज येत नाही."

थोड्या वेळानं मी म्हटलं, "आणि माझा फोटोही राहिला."

"काढला."

"कधी?"

यांनी कॅमेऱ्याची मागची काच माझ्यासमोर धरली. मी कोल्ह्याच्या जागेवरच उभी होते ना, फोकस लावलेलाच होता. माकडटोपी मागे सरकलेली, शाल एका खांद्यावरून घसरलेली, कारखान्याचा स्वेटर. डोळे मिटलेले. मान वर केलेली, त्यामुळे गाठ अगदी पुढे, तिच्यावर तो कडेचा उजेड बरोबर पडलेला, एखादं लिंबू ठेवावं तशी. आणि तोंड सताड उघडं. पार पडजीभ दिसेल एवढं. मागे सगळं पांढरं रण.

"पुसून टाका," मी म्हटलं.

"का?"

"तोंड उघडं आहे! भिंतीवर कुणी तोंड उघडं ठेवतं का? आईचा नारळ बरा याच्यापेक्षा."

"गात होतीस," हे म्हणाले.

"मग थांबायचं. हात हलवायचा. नेहमी हलवता ना?"

यांनी कॅमेरा बॅगेत ठेवला आणि चेन लावली. त्या संध्याकाळी झोपडीत जेवताना हे कॅमेरा घेऊन बसले नाहीत. "ही तू, ही पण तूच" असं काही झालं नाही. बाजरीचा रोटला खाल्ला आणि झोपलो. पुसला की ठेवला ते मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर पुन्हा भांडण झालं असतं, आणि खरं सांगायचं तर भिंतीवरून भांडायची माझी हिंमत संपत आली होती. घरी येऊन मी नारायणपेठ घडी करून ठेवली. तिची फक्त काठापुरती हवा खाऊन झाली होती.

ऑपरेशन झालं. रिपोर्ट चांगला आला, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच धाकधूक नको. गाठ साधी होती. आवाज मात्र पूर्वीसारखा आला नाही. बोलता येतं, भांडता येतं, पण वरच्या पट्टीत गेलं की कागद फाटल्यासारखा होतो. मंडळाच्या गणपतीत आता आरती दुसऱ्या एक बाई सुरू करतात, खालच्या पट्टीत, आणि मी टाळ्या वाजवते. वाईट वाटतं. सवय होईल असं सगळे म्हणतात. मला ती सवय नको आहे.

पण मी सांगत होते ते त्याच्या आधीचं. इस्पितळातून घरी आले त्या दुपारचं. गळ्याला पट्टी होती आणि डॉक्टरांनी काही दिवस एक शब्दही बोलायचा नाही असं बजावलं होतं. यांनी मला हाताला धरून बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसवलं, आणि स्वतः उभेच राहिले. हे असे उभे राहतात तेव्हा काहीतरी नवीन पक्षी लागलेला असतो, म्हणून मी भिंतीकडे बघितलं.

खंड्या आणि चक्रवाक यांच्या मधोमध मी होते. चांगली मोठी, काचेत, मानेची गाठ आणि माकडटोपी आणि उघडं तोंड, सगळ्यासकट. काहीही पुसलेलं नव्हतं.

बोलायला बंदी होती, म्हणून मी हात लांब करून आतल्या खोलीकडे दाखवलं. म्हणजे, फोटोची जागा ही नाही, तिकडे आहे. खिळा ठोकून ठेवलाय सासूबाईंच्या शेजारी.

"तिथं जागा नाही आहे," हे म्हणाले.

जागा होती. मीच तर मोजून ठेवली होती. मी पुन्हा बोट दाखवलं.

"खिळा काढला मी तो," हे म्हणाले, आणि चष्मा काढून बनियनच्या टोकाला पुसू लागले. चष्मा पुसताना यांना काही दिसत नाही, तेव्हा मी उठून भिंतीजवळ गेले. फोटोखाली इतरांसारखीच छापील चिठ्ठी होती. पहिल्या ओळीत पक्ष्याचं नाव असतं तिथे काहीच नव्हतं. माझं नाव यांनी जन्मात कधी घेतलं नाही, तिथेही घेतलं नव्हतं. खालचं बाकी सगळं नियमाप्रमाणे होतं.

'काळा डोंगर, कच्छ. गाताना. निवासी, वर्षभर.'

मी ते दोनदा वाचलं. रिपोर्ट यायला तेव्हा अजून आठवडा होता.